कंसातली नावं

आर्णीच्या बसस्टँडपासून चार पावलांवर विठ्ठलरावांचा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, सहा केसी (अक्षरागणिक घरं असलेल्या लाकडी पेट्या) आणि ते खिळे जुळवणारा देवराव मुनेश्वर, एवढाच त्याचा पसारा. त्या छापखान्यात एका खिळ्याची कायम चणचण असायची. बाकी अक्षरं कशीबशी पुरायची, पण एप्रिल जवळ आला की कंस संपायचे. विठ्ठलराव नागपूरला खिळ्यांच्या कारखान्याकडे कंसांची मागणी पाठवायचे, तेव्हा तिथला कारकून उलट टपालानं विचारायचा की तुम्ही गणिताची पुस्तकं छापायला घेतली की काय.

गणिताचा काही संबंध नव्हता. कंस लागत होते ते माणसांच्या नावांना, आणि त्याला कारण देवरावच होता.

झालं असं की १९५६ च्या ऑक्टोबरात आर्णीचे जे लोक नागपूरला दीक्षेला गेले, त्यात देवराव, त्याची बायको रुखमाबाई आणि त्यांची बारा वर्षांची पोरगी होती. पोरीचं नाव तोवर दगडी होतं. परत आल्यावर देवरावानं शाळेत जाऊन ते बदललं आणि सत्यशीला केलं. पुढच्या एप्रिलात वस्तीतल्या माणसांच्या नावांची यादी असलेलं जयंतीचं पत्रक छापायचं ठरलं. वस्तीत बैठक बसली. कोणीतरी म्हणालं, आजवर आपल्या नावाआधी लोकांनी जात पाहिली, आता नावापुढं शिक्षण पाहू द्या. सगळ्यांना ते पटलं. मग नावं मोजायला बसले, तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या वस्तीत पुरतं काही झालेली माणसं दोन. एक मास्तर आणि एक कंपाउंडर. बाकी सगळं अर्धंमुर्धं. कोणाचं मास्तरकीच्या नॉर्मल स्कूलचं एक वर्ष झालेलं, कोणाची टायपिंगची तीसची परीक्षा झालेली आणि चाळीसची अडकलेली. जिनिंगमध्ये काम करणारा भीमराज भगत मॅट्रिकला तीनदा बसलेला आणि तीनदा इंग्रजीत गेलेला.

"पास झालेल्याचंच शिक्षण छापा," मास्तर म्हणाले. मास्तर स्वतः पास होते, त्यांचं काय जात होतं. भीमराज गपचूप उठला आणि चपला शोधू लागला.

तेव्हा देवराव बोलला. हा माणूस बैठकीत सहसा तोंड उघडत नसे. चौथीतून शाळा सुटलेली, पुढचं वाचन तो छापखान्यात उलट्या खिळ्यांवरून शिकला होता, त्यामुळे शिकलेल्यांत बोलायला बिचकायचा. "बस भीमराज," तो म्हणाला. "जो जिथवर गेला तिथवर लिव्हू. पण जेवढं राह्यलं तेही लिव्हू. झालेलं कंसाबाहेर, राह्यलेलं कंसात."

असा तो रिवाज पडला आणि हळूहळू त्याला कायद्याची धार चढली. पुरतं शिक्षण ठळक टाइपात, यादीत वर. अर्धं असेल तर बारीक टाइपात, आणि काय राहिलं ते कंसात. 'नापास' हा शब्द पत्रकात येणार नाही, 'राहिले' असंच छापायचं. दोन अर्ध्या परीक्षा जोडून एक पुरती करता येणार नाही. हे शेवटचं कलम एका गड्यासाठी करावं लागलं. त्याच्याकडे अर्धी शिलाईची परीक्षा होती आणि अर्धी हिंदीची, आणि दोन्ही मिळून ठळक टाइप द्या म्हणून तो अडून बसला होता. कंस काढायचा तर सर्टिफिकेट आणून देवरावाच्या हातात ठेवायचं. तो ते उन्हाकडे धरून शिक्का बघणार, आणि मगच खिळा केसीतल्या घरात परत जाणार.

लोक चेष्टा करायचे. देवरावाला जावई आला तर तोही कंसात उभा करील म्हणायचे. पण त्यानं छापलं म्हणजे खरं, हेही तेच लोक म्हणायचे. लग्नं जुळवायला आलेले सोयरे पोराचं शिक्षण विचारत नसत, जयंतीचं पत्रक मागत.

वस्तीबाहेरची गिऱ्हाइकंही या कात्रीतून सुटत नव्हती. १९६१ साली जवळच्या तांड्यावरचा रूपसिंग आडे लग्नपत्रिका छापायला आला. रुबाबात म्हणाला, "नावापुढं कंडक्टर टाका. एस.टी. कंडक्टर."

"बिल्ला आला काय?" देवरावानं विचारलं.

"येऊन राह्यला. ट्रेनिंग झालं ना बाप्पा माहं."

"मंग कंडक्टर, कंसात बिल्ला येणे आहे."

"अरे, लगन माहं हाय का तुमचं? सासरे काय म्हणतीन?"

"सासऱ्याले खरं कळलं तं बरंच हाय," देवराव म्हणाला आणि जुळवायला लागला. रूपसिंगानं विठ्ठलरावांकडे दाद मागितली. विठ्ठलरावांनी हात वर केले. छापखाना त्यांचा होता, पण कंस देवरावाचे होते. पत्रिका कंसासकट छापली गेली, लालीबाईशी लग्न झालं, दोन महिन्यांनी बिल्लाही आला. रूपसिंग तो दाखवायला मुद्दाम छापखान्यात आला. देवरावानं शिक्का पाहिला आणि चहा मागवला. तेव्हापासून दोघांचं जमलं. रूपसिंग आर्णी-महागाव गाडीवर लागला आणि दर वर्षी जयंतीच्या पत्रकांचा गठ्ठा महागावला तोच पोचवू लागला.

सत्यशीला त्याच सुमारास यवतमाळला नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला गेली. वस्तीतून तिकडे गेलेली ती पहिली पोर. बोलायला कमी, हाताला चलाख, आणि नाही म्हणायचं ठरवलं की मग कोणाच्या बापाचं न ऐकणारी. खुद्द तिच्या बापाचा तसा अनुभव होता. १९६२ च्या पत्रकात तिचं नाव पहिल्यांदा आलं, 'नर्सिंग (एक वर्ष राहिले)', नवव्या जागी, बारीक टाइपात. देवरावानं ती ओळ इतरांच्या ओळींसारखीच जुळवली आणि घरी येऊन रुखमाबाईला तीनदा वाचून दाखवली.

आणि १९६३ च्या एप्रिलात त्याच देवरावाचा पाय घसरला.

दुपारची वेळ होती. यादी जुळवत जुळवत तो पोरीच्या नावाशी आला. 'नर्स' एवढं जुळवलं आणि कंसाच्या घरात हात घातला. कंस होता. संपला होता असं म्हणायची सोय नव्हती, तो चांगला बोटांत आला होता. पण परीक्षा जूनमध्ये होती. दोन महिन्यांचा तर प्रश्न. पत्रक तर लोक वर्षभर ठेवतात, भिंतीला लावतात. जुलैपासून पुढं दहा महिने ते पत्रक पोरीबद्दल उगाच कमी सांगत राहील, हाही एक प्रकारचा खोटेपणाच नाही का? माणसाला स्वतःला समजवायचं असलं की वकिलाची गरज पडत नाही. शिवाय कंसाशिवाय तिचं नाव ठळक टाइपात जाणार होतं, नवव्यावरून थेट तिसरं, मास्तर आणि कंपाउंडरच्या खालोखाल. त्यानं कंस परत घरात टाकला.

विठ्ठलरावांनी प्रूफ वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "पोरगी झाली काय पास, देवराव?"

"झाल्यासारखीच हाय," देवराव म्हणाला. सहा वर्षांत त्या छापखान्यात 'झाल्यासारखं' हा शब्द कोणी ऐकून घेतला नव्हता. विठ्ठलरावांनी प्रूफ परत दिलं. सव्वाशे प्रती छापल्या गेल्या आणि आर्णी, बाभुळगाव, महागाव आणि मधल्या वस्त्यांवर वाटल्या गेल्या.

सत्यशीला जयंतीला चार दिवसांच्या सुट्टीवर घरी आली. माय कौतुकानं पत्रक घेऊन पुढं आली. तिनं वाचलं, घडी घातली आणि बापाकडे पाहिलं.

"बा, हे कायले केलं?"

"दोन महिन्याचीच गोष्ट हाय, बाई."

"दोन महिने म्हणजे दोन महिने. मी नर्स नाही."

देवराव कपाटाकडे बघत राहिला. रुखमाबाईनं मध्ये पडून जेवायला वाढलं. तो विषय तिथं थांबला, पण देवरावाला भाकर गोड लागली नाही.

जयंती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपसिंग धावतच वस्तीत आला. लालीबाईचं पहिलं बाळंतपण होतं, तांड्यावरची म्हातारी दाई घाबरली होती, मुलाचा पाय आधी दिसत होता. त्याच्या हातात पत्रक होतं.

"बाई, चल. तू नर्स हायस."

"रूपसिंगभाऊ, मी नर्स नाही अजून."

"कशी नाही? तुह्या बापानं छापलं. ज्यानं माहा बिल्ला कंसात टाकला थो मानूस पोरीचं खोटं छापीन काय?"

देवराव दारातच उभा होता. त्याला वाटलं, आता बोलावं. बोललो तर हा माणूस कुठं जाईल, आणि न बोललो तर पोरगी कुठं जाईल, दोन्हीकडून त्याची वाचा बसली. सत्यशीलानं बापाकडे पाहिलंही नाही. चपला घातल्या आणि निघाली.

तांड्यावर जाऊन तिनं पहिलं काम केलं ते म्हाताऱ्या दाईचा हात धरला आणि ओढायचं थांबवलं. दुसरं म्हणजे लालीबाईला कुशीवर निजवलं. आणि तिसरं, सगळ्यांसमोर सांगितलं, "हे माह्या हातचं नाही. हे मले अजून शिकवलं नाही. यवतमाळले न्या लागते, आत्ता." रूपसिंगानं कोणाची तरी बैलांची दमणी जुंपून बायकोला स्टँडवर आणलं. ड्रायव्हर ओळखीचा, मागची बाकं रिकामी करून घेतली, आणि आर्णी ते यवतमाळ गाडी वाटेत कुठंही न थांबता गेली. सत्यशीला सगळा रस्ता लालीबाईच्या कमरेशी हात देऊन बसली होती. दुपारी दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या.

रूपसिंगाला आनंद आवरेना. वऱ्हांड्यात जो भेटेल त्याला तो पत्रक दाखवायचा. आमच्या आर्णीची नर्स, हे पाहा छापलेलं, हिनं वाचवलं. असं दाखवता दाखवता त्यानं ते पत्रक, सत्यशीला ज्यांच्या हाताखाली शिकत होती, त्या खुद्द मेट्रनबाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते वाचलं, त्याला परत केलं आणि सत्यशीलाला आत बोलावलं.

चार दिवसांनी देवरावाला कार्ड आलं. येऊन भेटा.

मेट्रनबाई काही दुष्ट नव्हत्या. पांढऱ्या केसांच्या, सरळ बसणाऱ्या आणि वाक्य पुरं केल्याशिवाय श्वास न घेणाऱ्या बाई होत्या. त्यांनी देवरावाला खुर्ची दिली. सत्यशीला दाराशी उभी होती. बाई म्हणाल्या, "शिकाऊ मुलीनं नोंदणीआधी स्वतःला नर्स म्हणवलं तर तिला परीक्षेला बसवता येत नाही. हा नियम मी केलेला नाही. पण तो बरोबर आहे असं मला वाटतं. उद्या असल्या कागदावर विसंबून कोणी मेलं तर?"

"बाई, तिनं नाही म्हणवलं. म्या छापलं. तिले ठाऊकबी नव्हतं."

"तिनंही तेच सांगितलं. पण सव्वाशे घरांत तो कागद आहे ना?"

"हाय."

"परीक्षेच्या मुलींची यादी पंधरा मेला वर जाते. तोवर ते सगळे कागद परत आणा. हरवला असेल, फाटला असेल, तर त्या घरच्या माणसाची तशी सही आणा. आणि लोकांना लेखी खुलासा द्या. मग मी नाव पाठवते. नाहीतर मला लिहावं लागेल की हिला बसवू नये." आणि न बसवलेली मुलगी कोर्समध्ये राहत नाही, तिची जागा दुसरीला जाते, हेही त्यांनी सांगितलं.

देवराव परतीच्या गाडीत बसला. दोन वर्षं पोरीनं दुसऱ्यांची घाण काढली, रक्त पुसलं, पाठांतर केलं. सगळं त्याच्या एका हौसेपायी वाया जायच्या बेतात होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुलासा जुळवायला घेतला. आधी 'नर्स असे छापले गेले' असं जुळवलं. मग थांबला, 'छापले गेले' मोडलं आणि 'मी छापले' केलं. पुढं लिहिलं, 'त्या अजून नर्स नाहीत, दुसऱ्या वर्षाला शिकत आहेत. चूक त्यांची नाही, जुळवणाऱ्याची आहे.' खाली स्वतःचं नाव. विठ्ठलरावांनी त्याला महिन्याची सुट्टी दिली आणि पत्रकाचा जुळवलेला मजकूर मोडू नको म्हणाले, दोरीनं बांधून ठेव, कुठं काय छापलं होतं ते दाखवायची वेळ आली तर असू दे.

मग तो दारोदार फिरला. उन्हाच्या झळा, डोक्याला पंचा, एका हातात खुलाशांचा गठ्ठा आणि खांद्याला झोळी. पत्रक मागायचं, खुलासा द्यायचा, पुढचं घर. ज्यांच्या पोराबाळांना त्यानं सहा वर्षं कंसात बसवलं होतं त्यांच्याच दारात उभं राहून सांगायचं की माझ्या पोरीचा कंस मी काढला होता. काही हसले. काहींनी पाणी दिलं आणि काही विचारलंच नाही, ते जास्त लागलं. एका घरचं पत्रक बकरीनं खाल्लं होतं. तशी सही घेताना सही करणाऱ्यालाच हसू फुटलं. काहींनी कणकेच्या खळीनं भिंतीला चिकटवलेलं, ते ओलं करून नखांनी सोडवावं लागलं.

बाभुळगावचा उकंडा म्हातारा द्यायलाच तयार नव्हता. त्यानं पत्रक पत्र्याच्या पेटीत दीक्षेच्या कागदाशेजारी ठेवलं होतं. वाचता येत नव्हतं, पण सत्यशीलाचं नाव कितव्या ओळीत आहे ते त्याला बोटानं दाखवता येत होतं.

"आपल्यातली पयली नर्स हाय. ते कायले काढतं रे?"

देवरावानं समजावलं. अजून नर्स नाही, शिकून राह्यली.

"म्हणजे अजून शाळा चालूच हाय तिची?"

"हाय."

"मंग असं सांग ना," म्हातारा म्हणाला. "येवढ्या वयाची पोरगी अजून शिकून राह्यली, हे तं लयच मोठं झालं." त्यानं पत्रक काढून दिलं आणि खुलासा त्याच जागी, तितक्याच जपून ठेवला.

सगळ्यात जड गेलं ते भीमराज भगताचं घर. वस्तीतल्या घरांत देवरावानं ते शेवटावर टाकलं होतं. भीमराज आतापर्यंत इंग्रजीत पाच वेळा गेला होता. त्यानं खुलासा उभ्यानं वाचला.

"सहा वर्षं माह्या नावाले कंस हाय, देवरावभाऊ. माह्या दोन सोयरिकी त्याच्यापायी मोडल्या. म्या कधी तुम्हाले म्हटलं का, या साली राहू द्या म्हणून?"

"नाही म्हटलं."

"मले वाटे का कायदा सगळ्याइले सारखा हाय, म्हणून सहन होये."

देवरावानं खांद्यावरची झोळी सारखी केली. त्यानं मान खाली घातली. भीमराज आत जाऊन पत्रक घेऊन आला. कोपरा फाटला होता, म्हणून सही हवी होती. भीमराजानं सही केली आणि सहीपुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, मॅट्रिक (इंग्रजी राहिले). कागद परत देताना त्यानं देवरावाकडे पाहिलं नाही. देवराव गल्लीच्या टोकापर्यंत आला आणि एका ओट्यावर बसला. आयुष्यात त्याला पुष्कळ बोलणी खावी लागली होती, जातीवरून, कपड्यावरून. पण ती सगळी खोटी होती म्हणून पचली होती. हे खरं होतं.

बारा मेपर्यंत एकशे चोवीस झाले. राहिलं एक, रूपसिंगाचं.

तांड्यावर लालीबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पाळण्यावरच्या भिंतीला पत्रक चिकटवलेलं होतं आणि सत्यशीलाच्या नावाला हळदकुंकू लावलं होतं.

"हे मी देनार नाही," रूपसिंग म्हणाला.

"अरे, पोरीची परीक्षा जाते."

"मंग तुम्ही फाडून न्या. माह्या हातानं नाही होत. तिनं त्या दिवशी माह्या बायकोले हात लावला म्हणून हे दोघी हाईत. या घरात ते नर्सच हाय."

"तं हरवलं म्हणून सही दे."

"हरवलं कुठं? तुमच्यासमोर हाय. तुम्हीच शिकवलं मले, बिल्ला आल्याबिगर कंडक्टर नाही. आता खोटी सही द्यू?"

देवराव भिंतीशी गेला. नखानं कोपरा उचलला. कागद चांगला चिकटला होता, निघताना हळदीच्या जागीच फाटला असता. लालीबाई बघत होती. त्यानं कोपरा परत दाबला आणि तिथून निघाला.

छापखान्यात येऊन त्यानं विठ्ठलरावांना सांगितलं. विठ्ठलराव साधा, व्यवहारी माणूस. ते उठले, दोरीनं बांधलेला जुळवलेला मजकूर काढला, मशीनवर चढवला आणि एक प्रत छापली. "हे घे. झाले सव्वाशे."

"अजी, हे..."

"कागद तोच, शाई तीच, खिळे तेच. तुह्याशिवाय कोणाले ओळखू येणार नाही. मेट्रनले सव्वाशे पाहिजे, सव्वाशे दे. पोरीच्या जिवापेक्षा मोठं काय आहे त्यात?"

घरी रुखमाबाई म्हणाली, "घेऊन जा. एकदा हौसेसाठी केलं, आता गरजेसाठी करा." देवरावानं प्रत चुरगळली, परत सरळ केली, पायरीवर घासली. ती एप्रिलातली दिसायला लागली. मग तिची चौघडी घालून त्यानं झोळीच्या तळाशी, बाकीच्यांपासून वेगळी ठेवली.

चौदा मेला तो यवतमाळला गेला. मेट्रनबाईंनी सगळे कागद टेबलावर ठेवायला लावले आणि खरोखर मोजायला बसल्या. सह्या वेगळ्या काढल्या. बकरीची सही वाचून ओठ जरा हलले, पण हसल्या नाहीत. सत्यशीला पुन्हा दाराशी उभी होती, मागच्या वेळेसारखीच सरळ. तिच्या एप्रनवर कसलासा औषधाचा पिवळा डाग होता.

"एकशे चोवीस," बाई म्हणाल्या. "एक कमी आहे."

देवरावाचा हात झोळीत होता. बोटांना घडी लागत होती. काढायची आणि टेबलावर ठेवायची, एवढंच काम होतं. पोरगी उद्याच्या यादीत गेली असती. त्याला विठ्ठलरावांचं बोलणं आठवलं नाही, रुखमाबाईचंही नाही. एप्रिलात दुपारी बोटांत आलेला तो कंस आठवला. तेव्हाही एवढंच काम होतं.

त्यानं हात रिकामा बाहेर काढला.

"बाई, एक हाय, पण आणता आलं नाही. आर्णीच्या तांड्यावर रूपसिंग आडेच्या घरी भिंतीले लावलेलं हाय. त्याची बायको तुमच्या इथंच बाळंत झाली. त्याइनं त्याले हळद लावली. हरवलं म्हणून सही मागितली, तो देत नाही, कारण ते हरवलं नाही. मले फाडता येत होतं. फाडवलं नाही. छापलेलं खोटं होतं, ते खोटं माहं. तुम्हाले काय लिव्हायचं ते लिव्हा, पण माह्या नावानं लिव्हा."

खुर्ची दिली होती तरी तो बसला नव्हता. बाईंनी कागद सारखे केले, कडेला कड लावून. मग पेन काढलं, यादी पुढं ओढली आणि लिहू लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "सत्यशीला, वडिलांना गाडीपर्यंत सोडून ये. पंधरा मिनिटांत वॉर्डात पाहिजेस. आणि आज रात्रीपासून अभ्यासाला बस, जून लांब नाही."

तिचं नाव यादीत गेलं. जूनमध्ये ती परीक्षेला बसली, पास झाली, नोंदणीचा नंबर आला आणि पुढं महागावला तिनं पुष्कळ वर्षं नोकरी केली. पण देवरावाच्या मनात त्या सगळ्याच्या आधी येतो तो दवाखाना ते स्टँड हा दहा मिनिटांचा रस्ता.

दोघं निंबाच्या सावलीसावलीनं चालत होते. महिनाभरात ती बापाशी नीट बोलली नव्हती. देवरावाला वाटलं, आता ती विचारील की एवढ्या एका कागदापायी माझी परीक्षा कशी काय पणाला लावलीत. त्याची तयारी होती.

"रूपसिंगभाऊ काल पोरीले टोचून घ्याले आलते," सत्यशीला म्हणाली. "त्याइनं सांगतलं मले. भिंतीवरचं देणार नाही म्हणे, काही झालं तरी."

देवराव थांबला. "म्हणजे तुले ठाऊक होतं? एक कमी येते म्हणून?"

"होतं. म्हणूनच तं उभी होती दाराशी." ती पुढं पाहूनच बोलत होती. "बा, तुम्ही आज सव्वाशे मोजून दिले असते ना, तं मीच बाईले सांगून माहं नाव काढाले लावलं असतं."

स्टँडवर आर्णीची गाडी लागलेली होती. ती वाकून पाया पडली आणि ड्यूटीला उशीर होतो म्हणून झपाझप निघून गेली. देवराव खिडकीशी बसला. झोळी त्यानं मांडीवर घट्ट धरली होती आणि गाडी सुटून गावाबाहेर आली तरी आतली ती घडी बाहेर काढून फाडायचं त्याला सुचत नव्हतं.